घर आणि दवाखाना यांच्या मधली वाट

घरात मानसिक संकट उभे राहते तेव्हा तिथे सर्वांत आधी पोचतो तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. आधी असते ती आई. मुलाच्या खोलीतला दिवा चार रात्री विझलेला नाही, हे तिच्याच लक्षात आलेले असते. असतो खोलीवरचा जोडीदार, वर्गशिक्षक, दुकानाचा मालक, बचत गटातली मैत्रीण. पुष्कळ ठिकाणी त्यानंतर भगत किंवा देवऋषी येतो, मग गल्लीतला डॉक्टर, मग तालुक्याच्या गावचा एमडी. एवढे सगळे झाल्यावर, कधी काही महिन्यांनी तर कधी काही वर्षांनी, माणूस मानसोपचाराच्या ओपीडीत बसतो. घराचा उंबरठा आणि ही ओपीडी यांच्या मधल्या वाटेवर कोण भेटते, काय बोलले जाते, माणूस कुठून परत फिरतो आणि कुणाच्या शब्दावर पुढे जातो, याचा अभ्यास म्हणजे सामुदायिक मानसिक आरोग्य. समाजकार्याचे आणि मानसशास्त्राचे विद्यार्थी, आशाताई, शिक्षक, आणि आपल्याच घरातल्या कुणासाठी वाट शोधणारे लोक, असे सगळे या विषयाच्या दाराशी येतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे. तज्ज्ञ मिळेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून या वाटेवरच्या कामाकडे पाहिले जाते. ते चूक आहे. हे स्वतंत्र कसब आहे. ते शिकता येते, त्याचा उपयोग होतो की नाही हे मोजता येते, त्याला स्पष्ट मर्यादाही आहेत. आणि महाराष्ट्रात व गोव्यात ते करून दाखवलेले आहे.

गरज किती मोठी आहे ते आधी पाहू. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. ही टक्केवारी आपल्याकडच्या भाषणांत आणि अहवालांत सर्रास वापरली जाते. नव्या अभ्यासकाने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. आपण वापरतो ते शेजारच्या गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या आणि इतर राज्यांच्या आकड्यांवरून बांधलेले अनुमान आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा मात्र थेट आपला आहे. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. हा पोलीस नोंदींचा आकडा आहे. ‘कौटुंबिक समस्या’, ‘आजारपण’ अशा कारणांच्या रकान्यांत एकेका आयुष्याची गुंतागुंत एका शब्दात मावत नाही. कुठल्याही आत्महत्येला एकच कारण नसते, हे या विषयातले पहिले पथ्य आहे. बातमी लिहिणाऱ्यानेही ते पाळले पाहिजे.

सरकारी मनोरुग्णालये महाराष्ट्रात दीर्घकाळ चारच होती: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. ‘याला ठाण्याला धाडा’, ‘येरवड्याला पोचवून या’ ही वाक्ये चेष्टेत उच्चारणाऱ्या पिढ्या आपल्याकडे वाढल्या, आणि त्या चेष्टेने किती माणसांना वेळेवर दवाखान्याची पायरी चढण्यापासून रोखले याची गणती कुणी केलेली नाही. भिंतीआडची व्यवस्था हा ब्रिटिश काळाचा वारसा होता. १९१२ चा ‘लूनसी’ कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बदलेपर्यंत स्वातंत्र्याला चाळीस वर्षे होत आली होती. दरम्यान १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि त्याने दिशा फिरवली: प्राथमिक आरोग्य केंद्रातच मानसिक आजार ओळखावेत आणि उपचार सुरू करावेत. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात हा विचार प्रत्यक्ष वापरून पाहिला गेला, आणि त्या अनुभवावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या जिल्हा रुग्णालयात, लोकांच्या बोलण्यातल्या ‘सिव्हिल’मध्ये, मानसोपचाराची ओपीडी दिसते ती या कार्यक्रमामुळे. ती आठवड्यातून कोणत्या वारी असते, औषधे तिथेच मिळतात का, तालुक्याच्या ठिकाणी पथक कधी येते, ही माहिती आपल्या जिल्ह्यापुरती एका कागदावर लिहून काढणे हा नव्या विद्यार्थ्याचा पहिला गृहपाठ असावा. हे काम वाटते त्यापेक्षा अवघड निघते, आणि तसे का निघते हाही अभ्यासाचाच भाग आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आपत्तीनंतर अन्न, निवारा आणि औषधांइतकीच मनाचीही दखल घ्यावी लागते, हे महाराष्ट्राने तेव्हा मोठ्या प्रमाणावर अनुभवले. वाचलेल्यांच्या मनावर झालेल्या परिणामांचा अभ्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य शासन यांच्या संयुक्त प्रकल्पातून झाला, आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात पुढाकार घेतला. माणूस घर, गुरे, शेजार आणि आप्त एकाच पहाटे गमावतो तेव्हा त्याच्या झोप न लागण्याला आजार म्हणायचे की दुःख, हा प्रश्न त्या कामाने ऐरणीवर आणला. तो आजही सुटलेला नाही. माझ्या मते तो सुटू नयेच. प्रत्येक कार्यकर्त्याने प्रत्येक घरी तो नव्याने विचारावा.

संस्थांचा इतिहास मी सगळा सांगणार नाही, पण तीन नावे घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट, ज्यांना सगळे सुनंदा म्हणून ओळखत, आणि त्यांचे पती अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या तरुणांवर अवचटांनी लिहिलेली लेखमाला, आणि ती वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी पुढे केलेला मदतीचा हात, यांतून ते उभे राहिले. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘आयपीएच’ (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था स्थापन केली आणि मानसिक आरोग्य हा शाळेच्या सभागृहात, रंगमंचावर, जाहीर गप्पांत बोलायचा विषय केला. तिसरे नाव स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे. कॅनडातील कॅलगरीत राहणाऱ्या, मूळच्या धुळ्याकडच्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातल्या अनुभवातून पुण्यात ती उभी केली. २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटामागे याच मंडळींची तळमळ होती. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या त्या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया हा शब्द मराठी घरांत नेला, आणि याच जोडीच्या ‘कासव’ने पुढे नैराश्याविषयी तेच केले.

या प्रवाहातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट स्वमदत गटाची आहे. तिथे आजार असलेल्या व्यक्तीला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात. पंधरा-वीस माणसे, बहुतेक साठीच्या पुढची, कारण सांभाळणारे बहुधा आईवडील असतात. एकेकाने बोलायचे, मध्ये कुणी तोडायचे नाही, कुणी डॉक्टर व्हायचे नाही. कुणी सांगतो, मुलगा तीन आठवड्यांनी काल स्वतःहून अंघोळीला गेला. बाहेरच्या माणसाला या बातमीत काही वाटणार नाही. गोलातल्या प्रत्येकाला तिचे वजन कळते. मग दुसरी कुणी विचारते, गोळी घ्यायला नकार दिला की तुम्ही काय करता? याचे उत्तर कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा बारीक मिळते: कोणत्या वेळी द्यायची, कुणी द्यायची, भांडण झालेल्या दिवशी विषयच काढायचा नाही, दोनदा चुकली तर डॉक्टरांना फोन करायचा. ‘आमच्यानंतर याचे कसे होणार’ हा प्रश्नही तिथे मोठ्याने विचारता येतो. घरात तो विचारता येत नाही. आपल्या गावात असा गट नसेल तर तो सुरू करायला इमारत किंवा अनुदान लागत नाही. महिन्याचा ठरलेला वार, एक खोली आणि गुप्ततेचा नियम कसोशीने पाळणारा एक माणूस पुरतो.

आता संशोधनाकडे वळू. इथे गोव्याचा मान पहिला. १९व्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करताना त्यामागचे बळ संमोहनकर्त्यात नसून समोरच्याच्या मनात असते असे सांगणारा आबे फारिया मूळचा कांदोळीचा, आणि गोव्यातील जुने मनोरुग्णालय बरीच वर्षे त्याच्याच नावाने ओळखले जात होते. त्या गोव्यात १९९६ मध्ये ‘संगत’ ही संस्था उभी राहिली. तिच्या कामाचा गाभा असा, की वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक माणसाला नीट प्रशिक्षण आणि सततची देखरेख दिली, तर तो नैराश्यावर परिणामकारक समुपदेशन करू शकतो का, हे कठोर चाचणीने तपासायचे. नैराश्य तीव्र असलेल्या रुग्णांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन आखले गेले. त्याचे तत्त्व साधे आहे: नैराश्यात माणूस हळूहळू कामे, भेटीगाठी, आवडीनिवडी सोडत जातो आणि सोडण्यामुळे आणखी खचतो, तेव्हा एकेक छोटी कृती ठरवून परत सुरू करायची. चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीच्या सुधारित उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. तिथे प्रश्न थोडा वेगळा होता: उपचार आहेत, पण लोक येतात का? गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी आणि छोट्या बैठकांत मनाच्या त्रासाविषयी बोलायला सुरुवात केली, समुपदेशन गावात नेले, आणि गंभीर रुग्णांना डॉक्टरांशी जोडले. नैराश्य असलेल्यांपैकी त्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षाच्या कामानंतर २७.२ टक्क्यांवर गेले. या दोन आकड्यांकडे मी नव्या अभ्यासकाचे लक्ष मुद्दाम वेधतो. वाढ सहापटीहून अधिक आहे, आणि तरीही चारांतले जवळजवळ तीन जण बाहेरच राहिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने ‘आत्मीयता’ हा कार्यक्रम २०१३ पासून बांधला. गावातली विश्वासाची माणसे निवडली, त्यांना ऐकण्याचे आणि अडचणी सोडवण्याचे प्रशिक्षण दिले, आणि त्यांच्या फोनवर गावाच्याच जगण्यावरचे छोटे चित्रपट दिले, की चार बाया जमल्या तर ते दाखवून बोलणे सुरू करावे. यातला मला भावलेला भाग निराळाच आहे: हे स्वयंसेवक निराधार योजनेचा अर्ज, रेशन कार्ड, रोजगार हमीचे काम यांतही मदत करतात. ज्या बाईची झोप पेन्शन अडकल्यामुळे उडाली आहे तिला श्वासाचे व्यायाम शिकवून थांबणे अन्यायाचे ठरेल. मन आणि पोट यांची खाती वेगळी ठेवणारा कार्यक्रम आपल्या खेड्यांत टिकत नाही, असे मला ठामपणे वाटते.

आता या कामातला एक अगदी छोटा क्षण जवळून पाहू, कारण सगळे प्रशिक्षण अखेर त्याच्यासाठी असते. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ मध्ये शासनाने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, आणि आशाताई शेतकरी कुटुंबांत नैराश्याची चाचपणी करू लागल्या. या चाचपणीसाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही असे किती दिवस झाले, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटणे. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. समजा, ओसरीवर सासू बसली आहे, मुले येजा करताहेत, सून खाली मान घालून उत्तरे देते आहे. जाणती आशाताई इथे थांबते. बीपी बघायचे आहे म्हणून सुनेला आत घेऊन जाते आणि उरलेले प्रश्न तिथे विचारते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. शिकाऊ कार्यकर्त्यांचा आवाज इथे हटकून खाली येतो, प्रश्न घाईने उरकला जातो, ‘तसले काही विचार नाहीत ना येत?’ असा. असा विचारला की उत्तर ‘नाही’ येणारच. तो असा विचारावा: ‘एवढा त्रास होतोय, तर जगूच नये असंही कधी मनात येतं का?’ आणि मग गप्प बसावे. विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जाईल ही भीती जवळपास प्रत्येकाला असते, पण तिला संशोधनाचा आधार नाही. उलट, कुणीतरी सरळ विचारले याने माणसाला हायसे वाटते.

‘हो’ असे उत्तर आले तर? तेव्हा जी वाक्ये आपल्या तोंडात तयार असतात ती बहुतेक टाळावी लागतात. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस’ हे तर नकोच. पण ‘पोरांकडे बघ’ हेही नको. ते प्रेमाने म्हटलेले असते, मात्र ऐकणारीला आधीच वाटत असते की आपण पोरांना ओझे झालो आहोत, आणि त्या वाक्याने अपराधी भाव दुणावतो. त्याऐवजी विचारावे: हा विचार कधीपासून येतो, काही ठरवले आहे का, घरात तशी साधने आहेत का. असतील तर ती त्याच दिवशी हलवायची. शेतीची औषधे कुलुपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवणे हे साधे काम जीव वाचवते, कारण जीव द्यावा अशी टोकाची ऊर्मी पुष्कळदा काही तासांत ओसरते आणि तेवढा काळ हाताशी साधन नसणे निर्णायक ठरते. मग तिला एकटे न सोडता, तिच्या संमतीने विश्वासातल्या एका माणसाला सांगायचे आणि पुढच्या मदतीशी जोडायचे. ‘कुणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र द्यायचे नाही. जिवावर बेतते तिथे गुप्ततेचा नियम सैल होतो, आणि हे आधीच सांगून ठेवावे.

जोडायचे म्हणजे कुणाशी? १० ऑक्टोबर २०२२ पासून देशात ‘टेलिमानस’ ही सेवा आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत, दिवसरात्र, मराठीतून बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज पडली तर तो मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा जिल्ह्यातल्या सेवेशी जोडून देतो. फोन स्वतःसाठीच करायला हवा असे नाही. भावासाठी, शेजाऱ्यासाठी, विद्यार्थ्यासाठी काय करावे हे विचारायलाही करता येतो, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. लहान मुलांसाठी १०९८ आहे. जीव तातडीच्या धोक्यात असेल तर फोनवर समुपदेशन शोधत बसू नये. १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२ बोलवावे. कुणी विषारी औषध घेतले असेल तर उलटी काढण्याच्या खटपटीत वेळ न घालवता थेट जवळचे रुग्णालय गाठावे आणि औषधाची बाटली किंवा वेष्टन सोबत न्यावे.

संकट नेहमी निराशेचेच असते असे नाही. बावीस वर्षांचा मुलगा चार रात्री झोपलेला नाही, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात म्हणतो आहे, दाराला आतून कडी लावतो आहे. भाऊबंद जमतात, कुणी दोरी आणायला सांगतो. इथे कायदा माहीत असणे हा प्रथमोपचार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्यानुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येत नाही. यामागे एर्वाडीची आठवण आहे: तमिळनाडूतल्या त्या गावी ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी जखडलेले २८ जण होरपळून मेले. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे ग्रामीण रुग्णालयातला एमबीबीएस डॉक्टरही, ७२ तासांपर्यंतचे उपचार सुरू करू शकतो, आणि रुग्णाला मानसिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचवणे हेही त्यात येते. ‘आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाही, पुढे घेऊन जा’ एवढे ऐकून दारातून परतण्याचे कारण नाही. पोलिसांनी भटकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणाखाली घेतले तर त्याला २४ तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते. कोठडीत ठेवता येत नाही. आणि त्या घरात त्या क्षणी? गर्दी कमी करायची. ज्याचे तो ऐकतो असा एकच माणूस समोर ठेवायचा. पाळतीचा विचार खोटा कसा आहे हे पटवत बसायचे नाही, त्याला होही म्हणायचे नाही; ‘तुला भीती वाटतेय, ते दिसतंय मला’ एवढे म्हणायचे. धारदार वस्तू उचलायच्या. बाहेर पडायची वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवायची.

याच कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येच्या प्रयत्नाकडे पाहण्याची सरकारी दृष्टी बदलली: अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे आणि तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम उरलेलेच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते ती नोंद आजही होते, आणि ‘पोलीस केस होईल’ या भीतीने लोक आजही खाजगी दवाखान्यात खोटे कारण सांगतात. त्याने उपचार चुकतात. आणखी एक तरतूद फार कमी वापरली जाते: बरे असताना माणूस लिहून ठेवू शकतो की पुन्हा आजार उफाळला तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीने कुणी बोलावे. शुभंकरांच्या गटात बसून असा कागद तयार करणे हे चांगल्या समुपदेशकाचे काम आहे.

समुपदेशक निवडण्याविषयी थोडेसे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर; इथे सांगितलेल्या तिघांत औषधे देऊ शकतो तो हाच. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे प्रशिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने होते. नुसत्या ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र दोन वर्षांचा अभ्यासक्रमही असू शकतो आणि दोन दिवसांची कार्यशाळाही. म्हणून शिक्षण कुठे झाले, देखरेख कोण करते, फी किती, गुप्तता कुठपर्यंत, हे पहिल्याच भेटीत विचारण्यात संकोच नसावा. चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही. खात्रीने बरे करण्याची हमी देणारा किंवा चालू गोळ्या एकदम बंद करायला सांगणारा भेटला तर तिथून निघावे.

देवऋष्याकडे जाणाऱ्या कुटुंबांना हिणवण्याची सवय सुशिक्षित कार्यकर्त्यांना असते, आणि ती या कामाचे मोठे नुकसान करते. लोक तिथे जातात कारण तिथे त्यांना बसवून घेतात, त्यांचे ऐकतात, आणि घराण्याला बट्टा लागत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने मारहाण, अघोरी प्रकार आणि वैद्यकीय उपचार रोखणे यांना गुन्हा ठरवले आहे. तिथे तडजोड नाही. पण अंगारा लावून गोळीही घेणाऱ्या बाईला गोळी आणि अंगारा यांतून एकाची निवड करायला लावू नये. दोन्ही राहू द्यावे.

हे क्षेत्र अपुरे आहे, आणि नव्या माणसांसाठी त्यात जागा पुष्कळ आहे. प्रश्नावल्या मराठीत आल्या, पण मेळघाटातल्या कोरकू आईची किंवा सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या तरुणाची कासाविशी त्या मराठीत उतरत नाही. आशाताई घरी येते तेव्हा पुरुष शेतावर असतात, म्हणून त्यांची चाचपणी राहून जाते, आणि आत्महत्या करणाऱ्यांत पुरुषच अधिक असतात. इतरांचे ऐकून ऐकून आशाताईच्या मनावर जे साचते ते कुणी ऐकायचे, याची तरतूद कागदावरही क्वचित असते. आणि ऊसतोड: बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ऑक्टोबरमध्ये ज्या बाईचे नैराश्य ओळखले, समुपदेशनाच्या दोन बैठका झाल्या, गोळी सुरू झाली, ती जानेवारीत कोल्हापूरच्या किंवा सांगलीच्या फडावर असते. तिचा कागद बीडला, ती तिकडे, गोळ्या संपलेल्या, आणि मुकादमाकडे सुट्टी मागायची तर रोज बुडतो. ही नोंद तिच्यासोबत कशी न्यायची, साखर कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्राने ती कशी पुढे चालवायची, फडावर तिच्याशी कुणी बोलायचे, यावर काम करणारी माणसे हवी आहेत. सुरुवात कुठून करावी असे मला विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना इथून करायला सांगतो.